पिरिनच्या कड्यावरून

बान्स्को, बल्गेरिया
जुलै १९८३

प्रिय बोजेना,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्याला ओल्या शेवाळाचा वास येत असेल. आमच्या मंडळातले वोंद्राचेककाका ते रोपांच्या मुळांभोवती गुंडाळून आणणार आहेत. पोस्टात टाकण्यासारखं ते नाही. घरात कुणी असेल तर आत्ताच मिटव. एकटी असलीस तर वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. माझं अक्षर नीट लागत नसेल तर समजून घे. घाईत लिहितेय, या खोलीच्या दाराला आतून कडी नाही.

तुला आमचे रविवार माहीतच आहेत. सगळी दुनिया नदीवर जायची आणि तुझा भाऊ मला घेऊन रोपं शोधत हिंडायचा. दुकान नाही, पाटी नाही. कुणीतरी कानात सांगायचं की तिश्नोवच्या पलीकडे एक विधवा बाई कोंबड्यांच्या खुराड्यामागे दगडी कुंड्यांतून पर्वतावरची झाडं वाढवते. दोन बसगाड्या बदलून तिथं जायचं, फाटक वाजवायचं. बाई फटीतून विचारायची, "कुणी पाठवलं?" नाव पटलं तरच फाटक उघडायचं. परतताना रोप मांडीवर धरून रादिम चिडायचा. "हेडो, चोरासारखं रोप घ्यायचं म्हणजे काय! मी रस्त्यावर रोपवाटिका काढणार. फाटकावर माझं नाव, टळटळीत उन्हात." मी म्हणायचे, "आधी न्हाणीघराचं दार रंगव, मग पाटी." तो हसायचा. पण नगरपालिकेच्या बागेत ताऱ्याच्या आकारात लाल फुलं लावून घरी आला की ताटावर बसूनही बोलायचा नाही. रोपवाटिकेच्या परवानगीचा अर्ज फेटाळला गेला, पुन्हा फेटाळला गेला. शेवटच्या वेळी तर तिथल्या साहेबाने त्यालाच विचारलं, "ऑस्ट्रियातल्या रोपवाल्याशी तुमचा एवढा पत्रव्यवहार कशाबद्दल?" रादिम म्हणाला, "बियांबद्दल." साहेब म्हणाला, "बघू." त्या 'बघू'नंतर आमच्या घरी टपाल उघडून पुन्हा चिकटवलेलं यायला लागलं. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुझी शाळेतली नोकरी, तुझ्या पावेलचा पुढचा प्रवेश, म्हटलं, तुला कशाला घोर.

म्हणून आमच्या पर्वतावरच्या झाडांच्या मंडळाची ही सहल मंजूर झाली तेव्हा मला आनंदापेक्षा धडकीच जास्त भरली. रादिम मात्र फार शांत होता. आगगाडीत त्याने माझी पिशवी उचलली, खिडकीची जागा दिली, तीही न भांडता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

इथं पहिले दिवस आम्ही कडे धुंडाळले. आम्हाला हवा होता तो पिवळ्या फुलांचा पाषाणभेद. उशीर झाला होता, फुलं गळून गेली होती. फूल नसताना ओळख पटवायची ती पानावरून, हे तुझ्या भावानेच मला शिकवलं. पान इवलंसं असतं, टोकदार, राखी. त्याच्या कडेला चुन्याचे बारीक ठिपके असतात, भिंग लावलं की मिठाच्या कणांसारखे दिसतात. तर तिथं एका कपारीत दाट उशीसारखा गुच्छ दिसला, आणि रादिम चालता चालता म्हणाला, "हाच तो." वोंद्राचेककाका गुडघे टेकून बघायला लागले, आणि मग असे हसले! "अरे गाढवा, हा लवदार पानांचा, दुसराच आहे! चुना कुठाय याच्यावर? बायको बरोबर आणली की डोळे घरी ठेवून येतोस का?" सगळे हसले. रादिमही हसला. मी नाही हसले. बोजेना, अंधारात नुसतं बोट फिरवून पान ओळखणारा माणूस तो. मी वर पाहिलं तर तो कपारीकडे बघतच नव्हता. तो दक्षिणेकडच्या धारेकडे बघत होता. त्या धारेच्या पलीकडे सरहद्दीचा निषिद्ध पट्टा सुरू होतो आणि त्याच्या पलीकडे ग्रीस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मी पलीकडची कपार बघून येतो. तू काकांबरोबर खाली उतर, तुझा गुडघा दुखतोय." माझा गुडघा दुखत नव्हता. मी म्हटलं, "मीही येते." तो म्हणाला, "नको, हेडो." एवढंच. मग त्याने आपल्या वाटचा पाव आणि सॉसेज माझ्या पिशवीत घातलं आणि माझ्या अंगरख्याचं वरचं बटण लावलं, लहान पोराचं लावतात तसं. मी त्याला थांबवलं असतं तर तो थांबला असता. मी काकांबरोबर खाली उतरले. दुपारी धुकं उतरलं. तो आला नाही.

काकांनी आमच्या मुक्कामाच्या डोंगरावरच्या झोपडीवाल्याला सांगितलं, झोपडीवाल्याने खाली कळवलं. मग जीप आली. मला इथं आणलं. एक अधिकारी आहे, आवाज कधी चढवत नाही. स्तोयान्का नावाच्या इथल्या शिक्षिकेला त्यांनी दुभाषी म्हणून बसवलंय. तेच तेच प्रश्न. नवरा-बायकोचं पटत होतं का? परदेशात कोण आहे? त्याच्याकडे नकाशा होता का? मी म्हणत राहिले, "तो झाडं बघायला गेला. त्याला दुसरं काही सुचत नाही." एकदा अधिकारी बाहेर गेला तेव्हा स्तोयान्का खिडकीकडे तोंड करून पुटपुटली, "बाई, या आठवड्यात तिकडे गोळ्या झाडल्यात." मी विचारलं, "कुणावर?" ती म्हणाली, "ते आम्हाला सांगत नाहीत." तेव्हापासून जिन्यावर बूट वाजले की मी भिंतीला टेकते.

काल मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेलं. कड्याखाली एक माणूस सापडला होता, कागदपत्रं नसलेला. रादिमची पिशवी वर धारेवर मिळाली होती, म्हणून त्यांना तो रादिमच वाटला. चेहरा राहिलाच नव्हता, गं. केस तसेच पिंगट, उंची तशीच. अधिकारी बोलला ते स्तोयान्काने खाली बघत मला सांगितलं, "अपघात असेल तर सोपं आहे. तुम्ही उद्याच जाऊ शकता. नसेल, तर शोध चालू राहील, आणि तुमच्या देशात तुमच्या घरच्यांनाही विचारावं लागेल." मग त्याने चादर आणखी थोडी सरकवली. मी हात बघितला. नखं कुरतडलेली, बोटं मऊ, अंगठ्यावर रादिमसारखा, रोपांच्या काचेच्या पेटीने कापल्याचा व्रण नाही. कोवळं पोर होतं ते, पंचविशीचंही नसेल. जर्मन असावं, बूट तसे होते; तेही पलीकडेच निघालं असेल.

मी म्हटलं, "हो. हाच माझा नवरा."

बोजेना, म्हणून हे पत्र. ते शवपेटी झाळून बंद करून पाठवणार आहेत, आणि मी तिच्याबरोबर येणार आहे. आई पेटी उघडा म्हणतील. उघडू देऊ नकोस, काहीही सांग. त्यांना खरं सांगू नकोस, त्यांचा चेहरा खोटं पेलणार नाही. तू मात्र सगळ्यांसमोर रड, मोठ्याने रड, शाळेतले येतील, आमच्यावर पाळत ठेवणारे ते दोघे करड्या कोटातलेही येतील. रादिम पलीकडे पोचला की त्या गोळ्या त्याच्यावरच होत्या, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही असंही होईल, कारण जिवंत असला तरी त्याने आपल्याला एक ओळ लिहून चालणार नाही. आणि कुठेतरी त्या पोराची आई दाराकडे बघत बसली असेल. तिच्या मुलाला मी आपल्या कबरीत घालते आहे. माझ्या रडण्याची काळजी करू नकोस. मला नाटक करावं लागणार नाही.

तुझीच,
हेडविका