समोरच्या भिंतीवरची जागा

आई, उद्या पाहुणे येणार आहेत आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या नातीनं पुण्यात नोकरी करता करता मुलगा पसंत केला. मुलगा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घराणं आपल्यातलं नाही, आणि त्याचे आईवडील उद्या पुण्याहून इकडे समता कॉलोनीतलं आमचं घर पाहायला येतात. मी पडदे बदलले, मग जुनेच परत लावले. सोफा खिडकीकडे ओढला, तो पुन्हा भिंतीला नेला. शेवटी दमून बसले तेव्हा कळलं, मी या घराचं तुझ्या त्या टीव्हीवरच्या मालिकेतलं घर करायला निघाले होते.

लहानपणी सिलतऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये कितीही पुसलं तरी काळी धूळ बसायचीच. मालिका सुरू व्हायच्या आधी तू ओल्या फडक्यानं टीव्हीची काच पुसायचीस आणि हात लागलाच आहे म्हणून वरच्या बुद्धाच्या तसबिरीचीही. मग पडद्यावर ती पुण्याची बाई यायची. अंगावर इस्त्रीची साडी, दारात झोपाळा, देवघरात दिवा, आणि रात्री सगळं घर एका वेळी जेवायला. तू आमच्याकडे वळायचीस. "पाय बरं, कसे सोबत जेवून राहिले! नाही तर आपल्या घरी, एकाचं ताट उचललं की दुसऱ्याचं मांडा." बाबांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, सोबत कुठून जेवणार? तरी एकदा तू हट्टानं सगळ्यांना बसवलंस. बाबा डबल ड्युटी करून आलेले, ताटावरच पेंगले, आणि तू हलवून उठवलंस तर म्हणाले, "त्या बाईच्या नवऱ्याले ड्युटी नसते का वो?" आम्ही हसलो आणि तू चिडलीस. मला मात्र त्या बाईचा मनापासून राग यायचा. तिच्या घरात कुणाला घामसुद्धा येत नसे, आणि तिच्यापुढे आमचं घर रोज नापास व्हायचं.

मग एकदा बाबांच्या साहेबांची बायको आली, तीही पुण्याचीच. तू शेजारणीचे कप मागून आणलेस. 'मले, तुले' बाजूला ठेवून त्या मालिकेतल्या बाईसारखं जपून जपून 'मला, तुला' बोलायला लागलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात ओढणी तोंडात कोंबून उभी. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचं देवघर कुठंय?" माझं हसू जागच्या जागी जिरलं. तू मात्र चहा ओतता ओतता मान वर करून बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलंस आणि थेट आपल्या बोलीत म्हणालीस, "समोरच तर आहे ना, मॅडम. तुम्ही बसल्या तेव्हापासून तुमच्याकडेच पाहून राहिले." बाई "हो का" म्हणाल्या. चहा अर्धा ठेवून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. तू कप धुवून परत केलेस, आणि दुसऱ्या दिवशी काच पुसून पुन्हा त्याच मालिकेसमोर बसलीस. मला तू तेव्हाही नीट कळली नव्हतीस.

आई, ती तसबीर मी काल भिंतीवरून काढली. आतल्या कपाटावर चादरीखाली ठेवली आहे. आज सकाळी इथल्या हिंदीतच वाढलेल्या लेकीनं हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि विचारलं, "मम्मी, वो फोटो कहाँ गई?" मी म्हटलं, "काच पुसायला काढली गं." ती काही लहान नाही. "उनको सब पता है, मम्मी. मैंने पहले ही बता दिया था. फिर किससे छुपा रही हो?" "तुला नाही समजत," असं म्हणून मी उगाच उशांचे अभ्रे बदलायला गेले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. येणाऱ्या माणसांना तर मी अजून पाहिलंही नाही. घाबरले कुणाला? तर त्या इस्त्रीच्या साडीतल्या बाईला! जी कधी कुठे नव्हतीच, जिचं घर एक दिवस सेटवरून उचलून ठेवलं असेल, तिला मी या वयात अजून घर दाखवते आहे. मला माझीच लाज वाटते, आणि रागही येतो.

तू गेलीस, आता हे तुला कुठे पाठवणार? पण एक सांगून टाकते, कुणाला सांगितलेलं नाही. हल्ली तुझा आवाज आठवायला गेले की त्या बाईचाच येतो, गुळगुळीत, पुण्याचा. मला त्याची फार भीती वाटते. तुझं एकच वाक्य अजून तुझ्या आवाजात येतं, "समोरच तर आहे ना." मघापासून तेच येतंय, आणि समोर नुसता खिळा आहे. थांब, खुर्ची आणते.