शिवलेली बाही

ता. ४
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत. खोटं बोललो. इथं येऊन चार महिने झाले आणि माझ्याशी धड बोलणारा माणूस एकच, आमच्या शिवणखोलीतले कटिंगमास्तर. बाकीचे मी दिसलो की आधी आपली चप्पल तपासतात, चिकटवली तर नाही ना म्हणून.

परवा मास्तरांच्या कोटाची उजवी बाही मी आतून टाके घालून बंद केली. गंमत म्हणून. संध्याकाळी ते कोट घालायला गेले तर हात पुढे जाईना. मी कपाटामागे हसतोय. मास्तर ओरडले नाहीत. मटकन स्टुलावर बसले. मागच्या साली त्यांचा तोच हात लुळा पडला होता, हे मला नंतर कळलं. ते तोंड धुवायला गेले तेव्हा मी घाबरून टाके उसवले. परत येऊन त्यांनी बाही चाचपली, तर मोकळी. आता ते म्हणतात, कोट ठीक आहे, हातच गेला पुन्हा. कात्री धरत नाहीत. महिनाअखेरीला काम सोडतो म्हणून मालकांना सांगितलंय.

खरं सांगितलं तर हाही माणूस माझ्याशी बोलायचा थांबणार. काय करू?

माया आटू देऊ नकोस.
तुझा उपद्व्यापी

ता. ९
चि. उपद्व्याप्यास,
अनेक आशीर्वाद.

माझी वेणी खुर्चीला बांधायचास, तेव्हा निदान सोडवायला तूच यायचास. इथंही तूच सोडव. सगळ्यांसमोर सांग, कारण हात गेला असं सगळ्यांनाच वाटतंय. सांगताना विनोद करू नकोस. ते बोलायचे थांबले तर थांबू देत. तू एकटा पडशील म्हणून त्यांनी घरी बसायचं, हे मला पटत नाही.

तुझे भावजी हे ऐकून हसले. दिवसभर बोलले नाही मी त्यांच्याशी.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

ता. १५
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. सगळी मशीनं थांबली. मास्तरांनी कोट घेतला, बाहीत हात घातला, काढला, परत घातला. तीनदा. एवढंच म्हणाले, म्हणजे हात शाबूत आहे. मग कात्री उचलली आणि सुट्टीपर्यंत कॉलर कापत राहिले. एक रेघ चुकली नाही.

काम सोडत नाहीयेत. माझ्याशी बोलत मात्र नाहीत. डबा पार दुसऱ्या टोकाला खातात.

सकाळी आल्या आल्या विचारायचे, रात्री जेवलास का. तेव्हा मला कटकट वाटायची. आता कुणी विचारत नाही. पुढच्या पत्रात तू विचार. उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. हो, जेवलो.

भावजींशी बोल आता. आणि माझ्यासाठी थोडा लोभ राखून ठेव.
तुझा धाकटा