माझी पाळी बाबांच्या नावे

मी, खाली सही करणारा, धंदा काच कापणे, शिक्षण अर्धवट, बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवतो. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. ते त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. माझी बुद्धी शाबूत आहे. आत्याचे याबाबत वेगळे मत आहे, ते ग्राह्य धरू नये.

कलम पहिले. काच कापायची हिरकणी उस्तादांना परत द्यावी. कॉलेजातल्या सरांनी भर वर्गात 'ड्रायव्हरच्या मुलाची समज' असं काहीतरी म्हटलं, तेव्हा मी वही भिरकावून जो बाहेर पडलो तो थेट उस्तादांच्या काचेच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यांनी हिरकणी हातात दिली नि म्हणाले, "काचेवर चिडू नकोस बरं का. ती तुझ्याहून तापट असते." त्या सरांना मी दर रविवारी उपासनेत क्षमा करतो. सोमवारी दुपारपर्यंत ती संपते. कमी पडली ती प्रभूने आपल्याकडची घालावी.

कलम दुसरे. माझ्या उशीखालचा आकाशी काचेचा तुकडा समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीला द्यावा. तो डोळ्याशी धरला की रस्ता पाण्याखाली जातो. सायकली तरंगतात, माणसं सावकाश चालतात, आणि ती शटर वर करते तेव्हा जणू कुणी पहाटच उघडतंय असं वाटतं. मी कितीतरी दुपारी त्या पाण्यात राहिलो आहे. तिने मला अजून नाही म्हटलेलं नाही. विचारलंच नाही, तर म्हणेल कशी? कडा घासून दिल्या आहेत, तिचं बोट कापणार नाही.

कलम तिसरे. बचत आईची. थोडी आहे, तिने त्यावर बोलू नये.

कलम चौथे, आणि यासाठीच हा सगळा खटाटोप.

आमच्या घरी रात्री ताटं वाढली की जेवणाआधी प्रत्येकाने देवाचे एक आभार मानायचे. ते त्याच दिवसाचे हवेत. बाबांनीच ही रीत घातली. कालचं चालत नाही, मोघम तर नाहीच. लहानपणी मी 'सगळ्याबद्दल आभार' म्हणून चमचा उचलायचो, तेव्हा बाबा म्हणायचे, "देवाला मोघम कळतं रे. आपल्याला कळत नाही."

कॉलेज सुटलं त्या दिवसांत मी फणकाऱ्याने सांगितलं, आज आभार नाहीत. आईने ताट ओट्यावर ठेवलं. मी उभ्याने जेवलो. असे बरेच दिवस गेले. कुणी रागावलं नाही, फक्त माझी पाळी आली की सगळे थोडं थांबायचे. शेवटी त्या थांबण्यालाच मी कंटाळलो आणि दिवसभर काहीतरी शोधू लागलो. संध्याकाळ झाली तरी हाती काही नसलं की जीव घाबरा व्हायचा. मग दिसायला लागलं. काच एका दमात सरळ तुटते तो आवाज. ओल्या फरशीवर उतरलेला दिवा. औषधाच्या गोळ्या मोजताना तिचे हलणारे ओठ. आत्या म्हणाली, "तुझा देव हल्ली औषधाच्या दुकानातच भेटतो का रे?" बाबांना हसताना ठसका लागला.

डॉक्टरांनी माझा अहवाल समजावला तेव्हापासून बाबांची पाळी आली की ते खाली बघतात. मग आई हळूच पाणी वाढते. ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांना माझ्यापायी काही दिसेनासं व्हावं, हे मला सोसत नाही. मला उद्याची भीती आहे, पण याची जास्त आहे.

म्हणून माझी पाळी मी बाबांच्या नावे करतो. मी परतलो नाही तर त्याच रात्री ताटं वाढावीत. मी गेलो याबद्दल आभार मानू नयेत, ते खोटं होईल आणि मला वरून राग येईल. पण त्या दिवशीही कुणीतरी दार धरून उभं राहिलं असेल, कुणी बसायला खुर्ची दिली असेल. ते सांगावं. बाबांनी आधी सांगावं.

येथवर लिहिलं आणि बाबा चहा घेऊन आले. त्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं. औषधाच्या दुकानापाशी जरा रेंगाळले.

"साक्षीदार मी होतो," म्हणाले.

"तुम्हाला नाही होता येत. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदा आहे."

"मग माझं कलम खोड."

"बाबा..."

"खोड म्हणतो ना. तुझी पाळी तुझ्याकडेच राहू दे. माझी मला आहे."

मी कलमावर रेघ मारली. ते समोर बसले. जेवणाला अजून पुष्कळ वेळ होता. त्यांनी हात टेबलावर ठेवले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "प्रभू, आज दुपारी पोरगं घरात होतं."

आतून आई 'आमेन' म्हणाली.

चौथे कलम माझ्या संमतीने रद्द. बाकीची कायम.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिले: माझे वडील, शाळेच्या बसचे ड्रायव्हर
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, न वाचता, विश्वासाने
स्थळ: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, ऊन कलताना