विष्णूदादाच्या नावाचं लाल फूल

प्रिय दादा,

तुला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि तुला पत्र आज लिहितोय. कारण आज सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटला. सगळ्यांना हसवणारा माणूस मी, लोक घाबरलेच!

झालं असं. मे संपत आला की इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात, ग्रोसरी स्टोअरच्या दाराशी बायका कागदाची लाल पॉपीची फुलं घेऊन उभ्या असतात. लढाईत गेलेल्यांच्या आठवणीत लोक ती कोटाला लावतात. हॉस्पिटलातले जखमी सैनिक ती हातानं करतात. एखादी पाकळी तिरकी, कुठे तार बाहेर आलेली. मी दरवर्षी घेतो. म्हटलं, आपल्या मराठी शाळेतली मुलं अशी फुलं करतील, प्रत्येकावर घरातल्या एखाद्या सैनिकाचं नाव. पहिलं नाव मी तुझं दिलं.

अध्यक्ष डॉक्टर आहेत. म्हणाले, "अहो काका, ती इंग्रजांची लढाई. पगारासाठी गेले ते लोक. त्यांची कसली फुलं करायची?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "भाडोत्रीच की!"

तूच म्हणायचास ना, बाळूला मुंगी चाललेली ऐकू येते?

"हो, पगारासाठीच गेला!" मी ओरडलो. "त्याच पगारावर मी शिकलो, म्हणून आज इथे कारखाना काढून बसलोय!"

तरातरा बाहेर आलो. मागोमाग माझी लेक नीता. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, यू ऑलवेज सेड टायफॉइड."

हो, टायफॉइड. मीच सांगितलं होतं. गावात प्रभातफेऱ्या निघत होत्या आणि तू इंग्रजांच्या वर्दीत! पुढे कॉलेजात कुणी विचारलं की मी म्हणायचो, भाऊ तापानं गेला. तेच बायकोला सांगितलं, तेच मुलांना. डॉक्टर आज बोलले ते मी इतकी वर्षं पोटात घेऊन हिंडलो. मग हात कुणावर आपटला मी?

तुझ्यावरही रागावलोय. आईला न सांगता भरती झालास! शेवटच्या पत्रात काय, तर 'बाळूला चपला घ्या.' स्वतःचं दोन ओळी लिहायला काय झालं होतं? थंडी होती का तिकडे? भीती वाटायची का? मग तार आली, इटलीत कामी आला, एवढीच. तिथी कळलीच नाही, म्हणून आई सर्वपित्रीला सगळ्यांसोबत तुझं पान वाढायची. तिथे सगळ्यांत एक, इथल्या फुलातही सगळ्यांत एक. तुझं एकट्याचं असं काहीच नाही!

दुपारी नीतानं लाल क्रेप पेपर आणला. कारखान्यात केसाएवढी चूक न खपवणारा मी, मला एक देठ सरळ वळवता येईना! पाकळ्या तिनं चिकटवल्या, नाव मी लिहिलं. वाकडंच झालंय.

सोमवारी इथे लढाईत गेलेल्यांचा स्मृतिदिन, त्या परेडला हेच फूल लावून जाईन. कुणी विचारलं तर सांगेन, माझा भाऊ विष्णू. पगारासाठी गेला, लढाईत मेला. आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा उभा राहीन. आधी माझं खोटं सांगेन, मग डॉक्टरांशी भांडेन. शब्द देतो, दादा.

तुझा,
बाळू

ता. क. चपला घेतल्या होत्या. मोठ्या होत होत्या, तरी घातल्या.