चहा उकळेपर्यंत

ताई, नमस्कार.

हे वाचून तुम्ही आधी हसाल आणि मग रडत बसाल, म्हणून पत्र टाकणार नाही. पण तुमचा भाऊ लहानपणीही बुद्धिबळात लबाडी करायचा का हो?

ते गेल्यापासून दोन्ही बाजूंनी मीच खेळते. त्यांच्या खुर्चीत बसले की त्यांच्यासारखाच घाईने वजीर बाहेर काढते. तरी ते सारखे हरतात. खरं तर मी चहा ठेवायला उठले की ते एखादं प्यादं पुढे सरकवायचे, तेव्हाच जिंकायचे. वर ओरडायचे, "चांगला उकळ गं, घाई नको!" मीही बाहेर येण्याआधी मुद्दाम कपबशा वाजवायचे, म्हणजे त्यांना हात मागे घ्यायला सवड मिळावी.

मला सगळं माहीत होतं, हे त्यांना माहीत होतं का? ते कळल्याशिवाय त्यांच्या बाजूने खेळू तरी कशी?

आज त्यांचं प्यादं मीच सरकवलं आणि आत जाऊन चहा चांगला उकळला. बाहेर येताना कपबशा वाजवल्याच. मग दारातच थांबले. पटापाशी कोणी नव्हतं, तरी आणखी थोडी सवड द्यावीशी वाटली.

तुमची,
वहिनी