अठराची फ्रेम

रत्नागिरी,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. ओमकार यास लवूभावोजींचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्या ताईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. परसातल्या कलमाला यंदा लवकर मोहोर आलाय आणि तुझी ही योगिनीताई रोज त्याच्याखाली उभी राहून सगळ्या नातेवाइकांना फोनवर तो मोजून दाखवते. सोबत सुके बांगडे दिलेत. देवरूखला ताजा मासा पोचेपर्यंत त्याचं वय होतं, असं तूच म्हणतोस.

फोन का नाही केला? तू फोन उचलतोस आणि लगेच स्पीकर लावतोस. मास्तरकीची सवय, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं पाहिजे. आणि आमची सानिका तुझ्या घरी कॉलेजला राहते, म्हणजे ती तिथेच असणार. हे तिला ऐकू जाऊ नये.

हे पत्र देईल तो रमजान टेम्पोतून एक सायकल उतरवील. तू तिला ऑक्टोबरात वाढदिवसाला दिलीस तीच. तोच निळा रंग, पुढे शॉकअप, मागे कडक, डोंगरात चालवायची ती हार्डटेल. फक्त फ्रेम सोळा इंची. ही ठेवून घे आणि अठराची रमजानकडे परत दे. तिला सांग की चुकीची आली होती, बदलून मिळाली. रविवारी तिची डोंगरातली शर्यत आहे, त्याआधी एक दिवस तरी तिने ही चालवायला हवी.

एवढंच काम होतं. खरं म्हणजे इथे सही करून पाकीट चिकटवायला हवं.

पण तू चौकस माणूस. विचारशील, भावोजी, अठराची तर तुम्हीच सांगितली होती.

हो. मीच सांगितली होती.

तू फोन केलास तेव्हा मी दुकानात होतो. म्हणालास, "भावोजी, सानिकासाठी कोल्हापुराहून सायकल मागवतोय. उंची पाच फूट तीन. फ्रेम कितीची घेऊ?" मागून तिचं हसणं ऐकू आलं, आणि हळूच म्हणाली, "मामा, बाबांना आत्ताच कशाला सांगतोस?" माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्याने जाणाऱ्या सायकलचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी आत बसून सांगतो. हे तर माझ्याच पोरीचं बोलणं.

साळवी स्टॉपच्या रस्त्याला पंक्चरची पेटी घेऊन बसलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आज तीन गाळ्यांचं दुकान आहे. गुहागरपासून लोक माप घ्यायला माझ्याकडे येतात. आणि माझ्या मुलीची सायकल कोल्हापुराहून येणार, मी फक्त आकडा सांगायचा!

मी म्हटलं, "अठराची घे. वाढतं अंग आहे."

तू लगेच मान्य केलंस. करणारच. आपल्याकडे शाळेच्या गणवेशापासून बुटांपर्यंत सगळं वाढत्या अंगाचंच घेतात, दोन वर्षं पुढे कागद कोंबायचे आणि मग ते नीट बसतात. पण सायकलच्या पुढे कागद कोंबता येत नाही. आणि एकोणीस वर्षांची मुलगी आता कुठे वाढणार?

रमजान शेजारी चाकाच्या तारा ओढत होता. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. फोन ठेवला तसा म्हणाला, "लवूशेठ, पाच फूट तीनला अठराची? पोरीला सायकल देतोयस की उंट?" मी म्हटलं, "तू तारा बघ." त्या दिवशी त्याने माझा चहा घेतला नाही.

आता माप कसं घेतात ते लिहितो, म्हणजे पुन्हा मला विचारायला नको. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांच्या मध्ये धरून वर दाबायचं, सीटवर बसल्यासारखं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत जे भरेल ते पायाचं माप. मृणालीला सांग, मामी घेईल. नुसत्या उंचीवर जायचं नाही, एका उंचीच्या दोघांचे पाय वेगळे असतात. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिलं की मधली दांडी अंगापासून निदान दोन इंच खाली हवी. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं हवं, ताठ नाही. आणि दोन मापांच्या मध्ये अडकलं तर डोंगरासाठी धाकटं घ्यायचं. उतारावर जी सायकल अंगाखाली वळते ती आपली. जी आपल्याला वळवते ती दुसऱ्याची.

हे सगळं मला येत होतं, ओमकार. तू विचारलंस त्या क्षणी येत होतं.

मला वाटलं होतं, चार दिवस चालवेल, पाठ धरेल, मग रत्नागिरीला येईल. "बाबा, मामाने आणलेली नीट बसत नाही हो." मी म्हणेन, ठेव तिथे, बघतो. एवढंच हवं होतं मला. पण ती आलीच नाही. तू तिला नेट लावायला शिकवलंयस, तिने नेट लावला.

तूच शिकवलंस सगळं. सायकलच्या दुकानदाराची मुलगी सायकल शिकली मामाकडे, मे महिन्याच्या सुट्टीत, तुमच्या शाळेच्या मैदानावर. तेव्हा मी दुकान वाढवत होतो. ती परत आली, दुकानातली सायकल काढून गल्लीला तीन फेऱ्या मारल्या, आणि मी ओरडलो, "विकायची आहे ती, ओरखडा पडेल!" पुन्हा तिने माझ्या दुकानातल्या सायकलला हात लावला नाही. आता घरी फोन आला की मी ऐकत असतो. मामा म्हणतो. मामाने दाखवलं. मामा आणि मी पहाटे निघालो. परवा मोजलं, दहा मिनिटांत मामा चौदा वेळा. बाबा एकदा, तोसुद्धा "बाबा जेवले का?" तुझा राग येण्यासारखं तू काही करत नाहीस, याचाच जास्त राग येतो.

गेल्या रविवारी ताईला तिचा फोन आला. खुर्चीत बसताना सानिकाने दात आवळून श्वास घेतला, तो मला पलीकडून ऐकू आला. मी फोन घेतला, विचारलं, काय झालं गो?

"काही नाही बाबा, पाखाडीच्या दगडी उतारावर म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, पाय टेकायला गेले तर जमीनच लागली नाही. दांडीवर आदळून कातळावर पडले. खरचटलंय नुसतं."

मी म्हटलं, "सायकल मोठी होते का तुला?"

"छे, सायकल मस्त आहे. तुम्ही सांगितलेलंच माप आहे ना, ते कसं चुकेल? माझेच पाय आखूड आहेत."

ओमकार, मी फोन ताईकडे दिला आणि दुकानात गेलो. सोमवारी रमजानला कोल्हापूरला पाठवलं. कशाला, ते त्याने विचारलं नाही. जाताना चहा मात्र घेतला.

वर लिहिलंय ना, चुकीची आली होती म्हणून सांग? ते सांगू नकोस. तसं सांगितलं तर चूक तुझ्या किंवा त्या कोल्हापूरवाल्याच्या नावावर जाईल, आणि माझं माप तिच्या लेखी बरोबरच राहील. मग पाय आखूडच राहतील तिचे. हे पत्र तिला दे. सगळं वाचू दे, मामा चौदा वेळा तेसुद्धा.

सायकल तुझीच भेट आहे, ती तुझीच राहू दे. फक्त सीटची उंची तिच्या पायाला लावून मी ती आवळलेली नाही. वाचून झाल्यावर तिने "या" म्हटलं, तर शनिवारी सकाळच्या गाडीने पाना घेऊन येतो. नाही म्हटलं, तर तू लाव. तुला जमेल, हे मला ठाऊक आहे आणि तेच सोसत नाही.

तुझ्यावर जळणारा, सानिकाचा बाबा,
लवू