तुमचं बोलणं तुमच्यापुरतं

३ मार्च, सोमवार

ऐकू येतं! मागे सगळं ऐकू येतं!

थांब. नीट लिहिते. अक्षर बघ कसं वाकडंतिकडं आलंय.

पाय मुरगळलाय म्हणून आज गाडी नवऱ्याने चालवली आणि मी मागे बसले, पाय लांब करून. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच मागे. वाटेत नणंदेचा फोन आला. नवऱ्याने उचलला तो त्याच्या डोक्यामागच्या उशीतल्या बिनतारी स्पीकरवर. त्याचा आवाज म्हणे फक्त चालवणाऱ्याच्या कानात जातो, मागच्याला पत्ताही लागत नाही. तेवढ्यासाठी तर आम्ही वरचं मॉडेल घेतलं! आणि माझ्या कानावर स्पष्ट शब्द — “वहिनीचं काय विचारायचं? दुकान चालायला लागल्यापासून पाय जमिनीवर नाहीत तिचे. आता मुरगळलाय तर निदान टेकेल.”

नवरा “हं… हं… बघू” करत होता. वर आरशातून माझ्याकडे बघून गोड हसला! मी म्हटलं, “तिला सांग, सुजलाय. अजून टेकत नाहीये.” गाडी फुटपाथवर चढता चढता राहिली. त्याचा चेहरा! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग हसता हसता लक्षात आलं. ही आईची जागा आहे. मागे, डाव्या बाजूला. दर गुरुवारी आई इथे बसते.

४ मार्च, मंगळवार

काल पुढे लिहवेना. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दर गुरुवारी मी आईला इस्पितळात इंजेक्शनला नेते. तिला सांगितलंय, आतड्याला सूज आहे. खरं काय ते सर्जनला, दादाला, नवऱ्याला आणि मला माहीत. गाठ आहे. वाढतेय. सर्जनचं म्हणणं, ऑपरेशन करता येईल, पण या वयात हाल फार आणि हाती काय लागेल ते सांगता येत नाही. दादा परगावी. त्याचं म्हणणं, करायचं नाही आणि तिला सांगायचंही नाही, उगाच खचेल.

हे सगळं गाडीत ठरलं! घरात आई समोर. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं — चष्मा घालून बसलेली माणसं, कान मात्र मोकळे. गुरुवारी रिपोर्ट येतात म्हणून सर्जनचा फोनही गुरुवारी, त्यामागोमाग दादाचा. मी बिनधास्त उचलायचे. माझ्या बाजूने फक्त ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’. मागे तेवढंच जाणार ना! ‘तुमचं बोलणं तुमच्यापुरतं’ — या गाडीच्या जाहिरातीतली ती बाई काय लाडात हसते हे म्हणताना. वाटतं, टीव्हीत हात घालून तिला बाहेर ओढावी.

म्हणजे माझं प्रत्येक ‘हो’ आईला त्याच्या आधीच्या प्रश्नासकट ऐकू गेलं?

“ऑपरेशन नको, कबूल?” हो. “तिला काही बोलायचं नाही, कबूल?” हो.

आणि एकदा, जानेवारीत — “तुला जड जातंय का तिचं? खरं सांग.”

हो म्हटलं मी. त्या दिवशी फार दमले होते. पण म्हटलं खरं.

ती झोपलेली असते मात्र. गाडी सुरू झाली की मान मागे टेकते आणि घोरायला लागते. देवा, तेवढं तरी खरं असू दे.

६ मार्च, गुरुवार

नवऱ्याने चालवली. मी मागे आईशेजारी बसले, फोन बंद करून पर्सच्या तळाशी ठेवला. आज ती झोपली नाही. खिडकीबाहेर बघत होती. परत येताना म्हणाली, “आज तुझा फोन नाही वाजला?”

म्हटलं, चार्जिंग संपलंय.

“अस्सं,” म्हणाली.

१० मार्च, सोमवार

लंगडत शोरूमला गेले. गाडी विकली तो गोडबोल्या तिथेच होता. आधी कॉफी, मग पायाची चौकशी, मग “मॅडम, मागे आवाज येणं शक्यच नाही. तुम्ही स्वतः मागे बसून खात्री केली होती की!”

बसले होते, खरंय! त्याने पुढे फोन घेतला आणि मला काहीएक ऐकू आलं नव्हतं. आज आठवत बसले, बाकी काय होतं तेव्हा? मग ट्यूब पेटली. एसी! त्याने एसी फुल्ल सोडला होता. मला वाटलं, बिचारा खातिरदारी करतोय. त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही कळलं नसतं.

मी म्हटलं, आईला थंडी वाजते, आम्ही एसी लावतच नाही. तर तो म्हणतो कसा, “मग मॅडम, वापर चुकतोय तुमचा.”

माझा वापर चुकतोय!! उद्या माझ्या दुकानात कोणी म्हणालं, या चष्म्यातून दिसत नाही, तर मी त्याला सांगू का, बघणं चुकतंय तुमचं? लोक चष्मा माझ्याच डोक्यात घालतील. घालायलाच हवा.

कॉफी तशीच टाकून आले. तेवढाच सूड.

१९ मार्च, बुधवार

मी पाठवलेल्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं. ‘खासगी’ याचा अर्थ ‘खासगी असल्याचा अनुभव’ असा घ्यावा. तो अनुभव आजूबाजूच्या आवाजावर अवलंबून असतो, आणि जाहिरातीत चांदणी करून खाली बारीक अक्षरांत तशी टीप छापलेली आहे.

आहे चांदणी. मी दुकानातल्या भिंगाखाली धरून पाहिली. डोळे तपासायच्या माझ्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा हिच्यापेक्षा मोठी! ती ओळ वाचणाऱ्याला मी शाबासकी देते.

असल्याचा अनुभव! भाकरी नव्हे, जेवल्याचा अनुभव. नवरा म्हणाला, “सोड ना, मोठ्या कंपनीशी कुठे भांडतेस?” मी आजच ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज टाकून आले. जाहिरात खोटी आहे, ती मागे घ्या, आणि हे उशीतलं यंत्र काढून त्याचे पैसे परत करा.

इस्पितळात जाताना फोन बंदच ठेवते. दादाशी दुकानाच्या मागच्या बोळातून बोलते. हे सगळं त्याला सांगितलं. मग म्हणाला, “तिला ऐकू कमीच येतं गं आता.” कुणाला धीर देत होता, मला की स्वतःला?

२८ मार्च, शुक्रवार

आज फ्रेमा पुसताना एकदम हात थांबला.

मी जिंकले तर काय सिद्ध होणार? मागे सगळं ऐकू जातं, हेच ना! आणि कंपनी जिंकली तर आईने काही ऐकलं नाही. म्हणजे मी दिवसभर ज्याला खोटारडा म्हणते, तोच खरा निघावा म्हणून देवाला हात जोडतेय. असा अर्जदार त्या कार्यालयाने पाहिला नसेल.

अर्ज मागे घ्यावा का? मग ती चांदणी तशीच राहील, आणि माझ्यासारखी दुसरी कोणी असंच विश्वासाने ‘हो’, ‘हो’ म्हणत गाडी चालवेल. नाही. नाही घेणार.

आईला अर्जाचा सुगावा लागलाच. “कशाबद्दल गं भांडतेस?” म्हटलं, गाडीत गाणी नीट ऐकू येत नाहीत. हसली. म्हणाली, “तुमचं बरं आहे. आमच्या वेळी ऐकू येतंय म्हणून तक्रारी यायच्या.”

आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, ऑपरेटर म्हणून. घरातला फोन ती अजूनही “बोला, लाइनवर आहे” म्हणूनच उचलते. लहानपणी आम्ही तिच्या नकला करायचो.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, लोकांचं बोलणं ऐकू यायचं का गं तुला?

“यायचंच की. बोर्डात प्लग घातला की दोन्हीकडचं यायचं. कान काय काढून टेबलावर ठेवायचे?”

मग? काय करायचीस?

“काय करायचंय? खुर्चीतून उठताना तिथेच सोडून उठायचं. लग्नं मोडलेली ऐकली, माणसं गेलेली ऐकली. तुझ्या बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही.”

हे सांगताना ती वाटाणे सोलत होती. हात एकदाही थांबला नाही.

९ एप्रिल, बुधवार

कार्यालयाची नोटीस. सुनावणीला गाडी घेऊन या. आणि कंपनीच्या वकिलाच्या मागणीवरून, मागच्या सीटवर नेहमी बसणाऱ्या प्रवाशालाही आणा.

आईला! त्यांना आईच हवी! गोडबोल्याने सांगितलं असणार. गाडी घेताना मीच त्याच्याजवळ बोलले होते, आईसाठी मागची सीट ऐसपैस हवी. माझ्याच तोंडाने घात केला.

तिला कसं सांगावं म्हणून जेवणभर चुळबुळत होते. शेवटी तीच म्हणाली, “येते की. माझा नवा चष्मा तेवढा काढून ठेव. जुन्यात मी म्हातारी दिसते.”

२२ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहायचंय. एकही शब्द गळायला नको.

लहानशी खोली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. अधिकारी बाईंच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली. एरवी मी तिथल्या तिथे सरळ करून दिली असती. कंपनीचा वकील टाय लावून आलेला, गळ्याशी इतका घट्ट की बोलताना डोळे मोठे व्हायचे.

टायवाला आईपुढे वाकला. आवाज एकदम मऊ. “आजी, गाडीत मागे तुम्हीच बसता ना? मुलगी फोनवर बोलते, तेव्हा समोरच्याचं काही ऐकू येतं? एक वाक्य सांगा. फक्त एक.”

मी जमिनीकडे बघत राहिले. फरशीला एक तडा होता, तो कुठून कुठे जातो ते पाहत राहिले. आता बोलेल. आता म्हणेल — जड जातंय का.

“नाही हो,” आई म्हणाली. “मला नाही काही ऐकू आलं. गाडी सुरू झाली की मला झोपच लागते.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. टायवाल्याला वाटलं, हरले म्हणून रडतेय. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला! पिऊन टाकला मी. अर्ज गेला खड्ड्यात, कंपनी जिंकू दे खुशाल, आईने काही ऐकलं नव्हतं!

पण अधिकारी बाई उठल्या. “गाडी खाली आहे ना? चला.” स्वतः मागे बसल्या, आईच्या जागेवर. एसी बंद. नवरा चालवायला, शेजारी टायवाला. वर खोलीतून शिपायाने फोन लावून वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचली. बिल्डिंगला एक फेरी मारून आले, तर बाईंनी सगळी बातमी सांगितली, वाऱ्याच्या दिशेसकट! टायवाल्याने टाय सैल केला.

बाईंनी निकाल तिथेच सांगितला: जाहिरात दिशाभूल करणारी आहे, ते शब्द काढून टाका, यंत्राचे पैसे परत द्या. बाकी लेखी येईल.

जाताना बाई आईसमोर थांबल्या. चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. “आजी, एकदा कान तपासून घ्या.”

“घेते हो,” आई म्हणाली. अगदी शहाण्या मुलीसारखी.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मी जिंकले, आणि आईचे कानही कमजोर निघाले! असा आनंद होतो का कोणाला? मला झालाय. दादाला कळवलं. तोसुद्धा रडला.

२३ एप्रिल, बुधवार

जेवताना नवरा सहज बोलून गेला. “आई गाडीत घोरतात? घरी तर कधीच नाही घोरत.”

घास तोंडात तसाच राहिला.

तक्ता पाठ करून येणारी माणसं मी दुकानात रोज पकडते. फार पटपट वाचतात, त्यावरूनच ओळखू येतात. काल आईने किती पटकन उत्तर दिलं.

२४ एप्रिल, गुरुवार

इस्पितळात निघालो. पाय बरा झालाय, गाडी परत मीच चालवते. मी मागचं दार उघडून धरलं होतं. आईने ते लावून टाकलं, वळसा घालून पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. आज घाईत फोन बंद करायचा राहिला होता.

सिग्नलला थांबलो आणि दादाचा फोन वाजला. मी कापायला हात पुढे केला. तिने तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला, धरूनच ठेवला, आणि दुसऱ्या हाताने हिरवं बटण दाबलं.

“बोल रे, लाइनवर आहे मी. हिला सगळं विचारून झालं. आता मला विचार.”